गोदाम भरलं म्हणजे तयारी झाली असं नाही: मदतसाहित्याची खरेदी आणि साठा करताना या चुका टाळा

पूर आल्याच्या रात्री फोन येतो, "ताडपत्र्या आहेत ना?" आणि आपण रजिस्टर बघून सांगतो, "हो, आहेत." मीही तसंच सांगितलं होतं. सकाळी थप्पीवरचा पहिला गठ्ठा सोडला, ताडपत्री उलगडली आणि ती प्रत्येक घडीवर कागदासारखी फाटत गेली. थप्पीच्या बरोबर वर छपरात उजेडासाठी बसवलेला पारदर्शक पत्रा होता. दोन उन्हाळे त्यातून ऊन वरच्या गठ्ठ्यांवर पडत होतं. खालचे गठ्ठे ठणठणीत होते, पण ते काढायला आधी अख्खी थप्पी उतरवावी लागली. ट्रक तोवर दारात उभा. तेव्हापासून मी रजिस्टरमधल्या आकड्याला साठा म्हणत नाही. फाटकाबाहेर जाऊन माणसाच्या उपयोगी पडेल तेवढाच माल साठा.

खरेदीच्या कागदावरची चूक

निम्म्या अडचणी गोदामात यायच्या आधीच झालेल्या असतात. मागणीपत्रात "ब्लँकेट, चांगल्या प्रतीचं" एवढंच लिहिलं, की सर्वांत कमी दर भरणारा पुरवठादार त्या शब्दांत बसणारं सर्वांत विरळ ब्लँकेट देतो आणि आपल्याला ते नाकारता येत नाही. लांबी, रुंदी, वजन, कापडाचा प्रकार, एका गठ्ठ्यात किती नग, हे सगळं आकड्यांत लिहा. मंजूर केलेल्या नमुन्यावर दोन्ही बाजूंच्या सह्या घेऊन तो सीलबंद करा आणि स्वतःकडे ठेवा. माल आला की तपासायचे गठ्ठे तुम्ही निवडा, थप्पीच्या मधले आणि तळाचे. पुढे करून दाखवलेल्या गठ्ठ्यावर पावती देऊ नका.

दुसरी चूक म्हणजे आपत्ती आल्यावर बाजारात उतरणं. तेव्हा सगळेच तीच वस्तू शोधत असतात, दर चढलेले असतात आणि घाईत तपासणी राहून जाते. शांत काळात दरकरार करून ठेवा. किती दिवसांत किती माल द्यायचा आणि त्यातला किती पुरवठादाराने कायम तयार ठेवायचा, हेही त्यातच लिहून घ्या. सगळा माल आपल्याच छताखाली ठेवला पाहिजे असं नाही.

"एका कुटुंबाला एक" हा हिशेब

माणसाला डोक्यावर छप्पर म्हणून किमान ३.५ चौरस मीटर जागा लागते, असं स्फिअर मानकं, म्हणजे आपत्तीतल्या मदतीसाठीची आंतरराष्ट्रीय किमान मानकं, सांगतात. पाच जणांना झाले १७.५. प्रचलित ताडपत्री ४ बाय ६ मीटरची, म्हणजे २४ चौरस मीटर. कागदावर एक पुरते, पण ती उतरती बांधली की जमीन बरीच कमी झाकते आणि बाजू उघड्या राहतात. रेडक्रॉसच्या निवारा संचात दोन ताडपत्र्या, दोरी आणि अवजारं असतात ती याचसाठी. दोरीशिवाय पाठवलेली ताडपत्री लोक नुसती अंगावर ओढून बसतात.

पाण्याचंही तेच. माणशी रोज १५ लिटरचा टँकर पाठवला आणि घरात ते भरून ठेवायला काहीच नसलं, तर टँकर निघून गेल्यावर घर पुन्हा कोरडं. १० ते २० लिटरची दोन झाकणाची भांडी लागतात, एक आणायला आणि एक साठवायला. सॅनिटरी पॅडची यादी करताना सोबत अंतर्वस्त्रं धरा, आणि यादी पक्की करण्याआधी बायकांना विचारा. हे वारंवार राहतं, याचं मला फार वाईट वाटतं.

मुदत आणि संच

आर्मेनियात १९८८च्या भूकंपानंतर सुमारे ५,००० टन औषधं येऊन पडली. ती निवडायला ५० माणसांना सहा महिने लागले आणि लगेच वापरता येण्याजोगी जेमतेम ३० टक्के निघाली. अशा अनुभवांतूनच जागतिक आरोग्य संघटनेने १९९६मध्ये औषधदानाचे नियम काढले. त्यानुसार औषध पोचतं तेव्हा त्याची किमान एक वर्षाची मुदत शिल्लक असावी लागते. खरेदी करतानाही हीच अट घाला. "उत्पादनानंतर दोन वर्षं टिकतं" असं पुरवठादार सांगतो, पण माल त्याच्याकडेच दहा महिने पडून असू शकतो.

गोदामात "आधी आलेला माल आधी बाहेर" हा नियम पुरत नाही. नंतर आलेल्या मालाची मुदत आधी संपू शकते. म्हणून आधी मुदत संपणारा माल आधी बाहेर काढा. खोक्याच्या समोरच्या बाजूला मुदतीचा महिना आणि वर्ष मोठ्या अक्षरांत लिहा, म्हणजे थप्पी न हलवता वाचता येईल.

तयार संच करून ठेवणाऱ्यांना इथेच फटका बसतो. बादलीत साबण, टॉवेल, पॅड, पाणी शुद्ध करायच्या गोळ्या आणि क्षारसंजीवनीची पाकिटं भरून झाकण पक्कं केलं, की त्या अख्ख्या बादलीची मुदत सर्वांत आधी संपणाऱ्या वस्तूएवढीच. मग दोन हजार बादल्या उघडून गोळ्या बदलत बसावं लागतं. न बिघडणाऱ्या वस्तूंचा संच आधी बांधा. मुदतीच्या वस्तू वेगळ्या खोक्यात ठेवा आणि बादल्या निघताना वर टाका. आधीच सीलबंद करून बसला असाल, तर मुदत संपायच्या सहा महिने आधी ते साहित्य नियमित चालणाऱ्या दवाखान्यांना किंवा शाळांना द्या आणि त्याजागी नवं घ्या.

शेजारी शेजारी काय ठेवलंय

बिस्किटांना साबणाचा वास लागतो आणि मुलं ती थुंकून टाकतात. ब्लीचिंग पावडर उष्णतेत आणि दमट हवेत ताकद गमावते, जवळच्या लोखंडाला गंज चढवते आणि इंधन-तेलाच्या शेजारी ठेवली तर आगीचा धोका असतो. तिला वेगळी, कोरडी, हवेशीर खोली द्या. कुठलीही थप्पी भिंतीला टेकवू नका. मागे माणूस जाईल एवढी वाट सोडली, की उंदीर, वाळवी आणि गळकं छप्पर वेळेवर दिसतं.

मोजणी जुळत नसेल तर

चोरीचा संशय घेण्याआधी एकक तपासा. आवक "१०० खोकी" अशी लिहिलेली असते आणि जावक "१०० नग" अशी. एका खोक्यात १२ नग असतील तर फरक बाराशे नि शंभरचा. रजिस्टरमध्ये कायम नगच लिहा, खोक्यांसाठी वेगळा रकाना ठेवा.

सगळं एकाच जागी

पुराच्या पट्ट्यातलं गोदाम पुरासोबतच बुडतं आणि एकाच पुलापलीकडचं गोदाम पूल गेला की बंद. संयुक्त राष्ट्रांचे मदतसाठे ब्रिंडिसी (इटली), दुबई, आक्रा (घाना), पनामा, मलेशिया असे दूरदूर विखुरलेले आहेत. लहान संस्थेलाही साठा दोन ठिकाणी विभागता येतो. कुलपाच्या किल्ल्या दोन माणसांकडे असू द्या आणि त्यातला एक रात्री फोन उचलणारा हवा.

वर्षातून दोनदा, न सांगता, एक ट्रक बोलवा आणि दोनशे कुटुंबांचं साहित्य भरायला लावा. घड्याळ लावा. कुठली थप्पी अडवते, कुठलं चलान कोणाच्या सहीसाठी थांबतं, हमाल किती कमी पडतात, ते त्या दिवशी लिहून घ्या, आणि ट्रक रिकामा करताना प्रत्येक गठ्ठ्यातला एक नग पूर्ण उलगडून बघा.