जुन्या कॉम्प्युटरवर ब्राउझर आणि चॅट कसं चालवायचं

मामांचा लॅपटॉप कोअर 2 ड्युओवाला, रॅम 2 जीबी, आणि आज त्यावर व्हॉट्सअ‍ॅप, पेपर, यूट्यूबवरची कीर्तनं सगळं रोज चालतं. घरातल्यांची अशी बरीच मशीनं मी चालू करून दिलीत आणि दरवेळी कुणीतरी 'अमुक हलका ब्राउझर टाक' असा सल्ला देतंच, तो ऐकू नका, का ते खाली सांगतो.

रॅम 4 जीबी करता आली तर करा, हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी (तिच्यापेक्षा खूप वेगवान डिस्क) टाका.

विंडोज 7 काढा. त्याचे अपडेट जानेवारी 2020 मध्येच बंद झाले आणि क्रोमसुद्धा त्यावर 109 व्हर्जनला थांबलं. त्याजागी लिनक्स, म्हणजे विंडोजऐवजी चालणारी फुकटची सिस्टिम, टाका. 4 जीबी रॅम असेल तर लिनक्स मिंटची एक्सएफसीई नावाची हलकी आवृत्ती, कमी असेल तर अँटीएक्स हे आणखी हलकं लिनक्स. फक्त लिनक्सचं 32 बिटवालं (जुन्या प्रोसेसरसाठीचं) व्हर्जन घाईघाईत उतरवू नका, दुकानात 32 बिट विंडोज टाकून दिलेलं असतं म्हणून लोकांना वाटतं प्रोसेसरही तसाच आहे, पण कोअर 2 ड्युओ 64 बिट असतो. नुसतं कोअर ड्युओ लिहिलं असेल, मधे 2 नसेल, तर मात्र 32 बिटच.

आता ब्राउझर. इथे माझे कित्येक रविवार गेलेत. डिलो नावाचा हलका ब्राउझर टाकून बघितला, खरंच झटकन उघडतो, पण त्याला जावास्क्रिप्ट (साइट ज्यावर चालतात तो कोड) येतच नाही, मग बँक नाही, व्हॉट्सअ‍ॅप नाही, काहीच नाही. मग फाल्कन हा दुसरा ब्राउझर टाकला, तर त्याच्या पोटात क्रोमचंच इंजिन, दोन-चार टॅब उघडले की मशीन तसंच गपगार. शेवटी कळलं की जड ब्राउझर नसतो, जड पान असतं. बातमीच्या पानावर बातमी चार ओळींची आणि भोवती जाहिराती, आपोआप सुरू होणारे व्हिडिओ, आपल्यावर पाळत ठेवणाऱ्या स्क्रिप्ट, ते सगळं तुमची रॅम खातं. म्हणून साधा फायरफॉक्स ईएसआर (फायरफॉक्सचं जास्त काळ टिकणारं व्हर्जन) घ्या आणि पहिल्याच मिनिटाला त्यात यूब्लॉक ओरिजिन हे जाहिराती अडवणारं एक्स्टेन्शन टाका. बाकी काही नाही केलं तरी चालेल, हे कराच. मामांच्या मशीनवर जे पान उघडताना पंखा घरघरायला लागायचा ते यानंतर शांतपणे उघडायला लागलं. यूट्यूब अडकत असेल तर एच264इफाय हे एक्स्टेन्शन टाका, ते व्हिडिओ जुन्या एच264 प्रकारात मागवतं, कारण जुन्या ग्राफिक्सला यूट्यूबचा व्हीपी9 हा नवा प्रकार झेपत नाही, आणि क्वालिटी 480 वर ठेवून बघा. शिवाय लिनक्समधलं झेडरॅम चालू करा, त्याने रॅममधलाच माल दाबून बसवला जातो आणि सारखं डिस्कवर जावं लागत नाही.

एवढं करूनही प्रत्येक साइट 'कनेक्शन सुरक्षित नाही' म्हणत असेल तर आधी घड्याळ बघा! मदरबोर्डवरचा सीआर2032 सेल मेला की तारीख मागे जाते आणि साइटची सर्टिफिकेट (साइट खरी असल्याचे दाखले) ब्राउझरला चुकीची वाटायला लागतात. मी यापायी दोनदा सगळं पुसून परत इन्स्टॉल केलं होतं, खरं काम साध्या सेलचं होतं.

चॅटचं म्हणाल तर 'जुन्या पीसीसाठी हलकं व्हॉट्सअ‍ॅप' असलं काही कुठूनही डाउनलोड करू नका. मी एकदा केलं, व्हॉट्सअ‍ॅप राहिलं बाजूला आणि ब्राउझरचं होमपेज बदललं, जाहिरातींच्या खिडक्या उघडायला लागल्या, साफ करायला अख्खा दिवस गेला. लिनक्सवर व्हॉट्सअ‍ॅपची जी वेगळी अ‍ॅप्स मिळतात तीही घेऊ नका, आत आणखी एक ब्राउझरच असतो, म्हणजे 2 जीबीत दोन ब्राउझर. व्हॉट्सअ‍ॅप वेब फायरफॉक्समध्येच उघडा, टॅब पिन करा. क्यूआर स्कॅन केल्यावर पहिल्यांदा जुने मेसेज उतरायला वेळ लागतो, तेव्हा दुसरं काही उघडू नका, चहा करून या. आणि मूळ फोन 14 दिवसांच्या वर वापरला नाही तर इथलं लॉगिन जातं, हे घरच्यांना सांगून ठेवा.

टेलिग्राम डेस्कटॉप बिनधास्त टाका, त्यात ब्राउझर कोंबलेला नाही. पिजिन, म्हणजे एकाच खिडकीत वेगवेगळ्या चॅट सेवा चालवणारा प्रोग्राम, छान आहे, पण त्यात चालणारा याहू मेसेंजर 2018 मध्ये बंद झाला, आता आयआरसी किंवा एक्सएमपीपी या जुन्या चॅट पद्धती वापरत असाल तरच टाका.

मेसेजमध्ये मराठीच्या जागी चौकोन दिसले तर पॅकेज मॅनेजरमधून (लिनक्समध्ये प्रोग्राम टाकायची सोय) लोहित देवनागरी फॉन्ट टाका आणि ब्राउझर बंद करून परत उघडा.