नंबर सेव्ह करताना पीक, काम, गाव टाका

कॉन्फरन्सला नाहीतर शिवार फेरीला वीस जणांचे नंबर घेतो आपण, आणि महिन्याने फोनमधे "पाटील सर ३" दिसतं, कोण ते काही केल्या आठवत नाही. शेतीत एमएस्सी, पीएचडी करणाऱ्या आपल्या पोरापोरींनी हे करून बघा.

१. नंबर सेव्ह करताना नावापुढे पीक, काम, गाव लिहायचं. म्हणजे "तूर मर बदनापूर" (मर म्हणजे झाड वाळवणारा रोग), "सोयाबीन ब्रीडिंग परभणी", "गळीतधान्य लातूर". नुसतं "तूर" सर्च केलं की सगळे एका खाली एक येतात.

२. दोन दिवसांच्या आत एक मेसेज. गुड मॉर्निंगचा नको, त्यांनी जे सांगितलं त्यातलीच एक गोष्ट धरून लिहा.

३. नंतर कारण सापडलं की परत बोला, आणि शेतात गेलं की कारण सापडतंच. समजा तुरीचं झाड फिकट हिरवं पडलंय, पानं बारीक, शेजारच्याला फुलं लागली पण याला एकही नाही, वांझ रोगाची शंका येते, मग पूर्ण झाडाचा एक फोटो, पानाचा जवळून एक (बाजूला पेन ठेवा म्हणजे आकार कळतो), वाण, पेरणीची तारीख, आणि प्रश्न एकच. लांबलचक प्रश्नाला उत्तर द्यायला मोठ्या माणसाला वेळ नसतो, एका प्रश्नाला बहुतेक जण मनापासून सांगतात.

४. उत्तर आल्यावर पुढं झाडाचं काय झालं ते जरूर कळवा. हे कुणी करत नाही आणि ओळख टिकते ती यानेच.

फक्त एक सांभाळा, दुसऱ्याच्या ट्रायल प्लॉटचे (चाचणीच्या शेताचे) फोटो त्यांना विचारल्याशिवाय ग्रुपवर टाकू नका.