चहाचा पेला सुटत नव्हता

मिरजेत पहिल्या नोकरीला लागून महिनाही झाला नव्हता, तेव्हाची गोष्ट. तासगावकडचे एक तात्या यायचे. द्राक्षबागायतदार, लकवा होऊन चार महिने झालेले, उजवा हात अडकलेला. तीन आठवडे मी त्यांच्याकडून रिकामा स्टीलचा पेला धरून घेत होते. त्या दिवशी त्यांनी पेला धरला, उचलला, ओठापर्यंत नेला. मी हवेत. त्यांच्या मुलाला तर इतका आनंद झाला की त्यानं बाहेरून आणलेला चहा त्यातच ओतला. तात्यांनी दोन घोट घेतले, पेला टेबलावर टेकवला आणि तिथंच थांबले. बोटं अशी आवळलेली की नखं पांढरी पडली.

"धरलंय की मॅडम. पर सुटंना."

पेला तापलेला. मुलानं एकेक बोट उपसून हात सोडवला. तळव्यावर लाल चट्टा उठला. मी तीन आठवडे त्यांना फक्त धरायला शिकवलं होतं.

ऑक्युपेशनल थेरपीला, म्हणजे आजारानं किंवा इजेनं अडलेली रोजची कामं माणसाला पुन्हा करता यावीत यासाठीच्या उपचाराला, नुकतंच लागलेल्या किंवा बारावीनंतर हा कोर्स घ्यावा का असा विचार करणाऱ्या मुलामुलींसाठी हे लिहिते आहे. आधी कोर्सचं थोडक्यात. 'ओटी' म्हटलं की आपल्याकडे लोकांना ऑपरेशन थिएटर आठवतं, आणि समजावून सांगितलं की "म्हणजे फिजिओच ना?" या दोन प्रश्नांची आत्तापासून सवय करून घ्या. मी शिकले तेव्हा बीओटी, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपीची पदवी, साडेचार वर्षांची होती, त्यातले शेवटचे सहा महिने इंटर्नशिप. परीक्षा नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाची, प्रवेश नीटमधून. आरोग्यसेवेशी संलग्न व्यवसायांसाठीच्या २०२१ च्या कायद्यानंतर या सगळ्या अभ्यासक्रमांत बदल होत आहेत, म्हणून फॉर्म भरताना सीईटी सेलचं, म्हणजे राज्याच्या प्रवेश कक्षाचं, त्या वर्षीचं माहितीपत्रक स्वतः वाचा, ताईच्या मैत्रिणीनं काय सांगितलं त्यावर जाऊ नका. भारतात हे शिक्षण १९५० साली मुंबईत केईएममध्ये सुरू झालं, कमला निंबकरांनी केलं. फलटणची कमला निंबकर बालभवन शाळा त्यांच्याच नावाची. साताऱ्याची मुलं त्या शाळेचं नाव ऐकून असतात, पण या बाईंनी आपला व्यवसाय देशात आणला हे फार थोड्यांना माहीत असतं.

आता हात.

पुस्तकात पकडींची लांबलचक यादी येते: सिलिंड्रिकल, स्फेरिकल, हुक, लॅटरल, टिप, ट्रायपॉड. पहिल्या वर्षी मी ती पाढ्यांसारखी पाठ केली आणि परीक्षा झाल्यावर विसरले. डोक्यात बसली ती आजीच्या स्वयंपाकघरातले शब्द आठवल्यावर. चिमूटभर मीठ, मूठभर शेंगदाणे, पसाभर तांदूळ, ओंजळभर पाणी. आपल्या भाषेनं हाताचे आकार मापं म्हणून आधीच नोंदवून ठेवलेत. बादलीची कडी किंवा दुधाची किटली उचलायची म्हणजे हुक, तिथं अंगठ्याचं काम जवळजवळ नसतंच. कुलपात किल्ली फिरवायची म्हणजे अंगठा तर्जनीच्या कडेला दाबायचा, ती लॅटरल. पेशंटला "टिप पिंच करा" म्हटलं तर तो तुमच्या तोंडाकडे बघतो. "हळदीची चिमूट घ्या" म्हटलं की बोटं आपोआप जुळतात, आणि सांगलीच्या पेशंटला हळद काही शिकवावी लागत नाही.

१९५६ मध्ये नेपियर नावाच्या इंग्रज शरीररचनातज्ज्ञानं पकडीचे दोनच मुख्य प्रकार मांडले, ताकदीची आणि नेमकेपणाची. त्याचा खरा मुद्दा पुढे आहे आणि तोच वर्गात घाईत निसटतो. पकड वस्तूच्या आकारावर ठरत नाही, त्या वस्तूनं काय करायचंय यावर ठरते. लोणच्याच्या बरणीचं झाकण बघा. घट्ट असतं तोवर अख्ख्या तळहातानं आवळता, सैल झालं की तेच झाकण बोटांच्या टोकांनी फिरवता. झाकण तेच, हात बदलला.

म्हणून माझा आग्रह आहे की एखादं रोजचं काम तासभर बारकाईनं बघा. मी भाकरी निवडली होती. एका हातानं भाकरीचा तुकडा मोडताना अंगठा आणि तर्जनी ओढतात, आणि त्याच वेळी उरलेली बोटं भाकरी ताटात दाबून धरतात. एकाच तळव्यात दोन उलटी कामं. अंगठ्याच्या बाजूचा हात नाजूक काम करतो, करंगळीच्या बाजूचा हात जोर लावतो किंवा टेकू देतो, हे पुस्तकातलं वाक्य मला ताटापुढे कळलं. पेशंट पेगबोर्डवर खुंट्या पटापट लावतो आणि घरी भाकरी मोडता येत नाही म्हणून बायको भरवते, असं तुम्हाला दिसेलच. तेव्हा खुंट्या बाजूला ठेवून डब्यातली भाकरी काढा.

शरीररचना स्वतःच्या हातावर शिका. हातात २७ हाडं आहेत, ती चित्रात रंगवून पाठ होतात, पण स्नायूंचं काम आपल्या कातडीखाली बघावं लागतं. आत्ता एक करून बघा. मनगट पूर्ण खाली वाकवा आणि तसंच ठेवून मूठ घट्ट आवळा. आवळत नाही. आता मनगट २०–३० अंश वर उचला आणि पुन्हा आवळा. बोटं वळवणारे लांब स्नायू मनगटावरून जातात. मनगट खाली पडलं की ते सैल पडतात आणि बोटं उघडणारे ताणले जातात. मनगट उचलणाऱ्या स्नायूंना चालवणाऱ्या रेडियल नर्व्हला इजा होऊन मनगट लुळं पडलेला माणूस "मुठीत जोर नाही" म्हणतो, तेव्हा दोष मुठीत नसतो. मनगटाला वर धरणारा स्प्लिंट, म्हणजे आधाराचा साचा, दिला की त्याच मिनिटाला पकड सुधारते. पहिल्यांदा हे बघाल तेव्हा जादू वाटेल.

आणि याच गोष्टीची उलटी बाजू मला तात्यांच्या वेळी सुचायला हवी होती. आवळलेली मूठ उघडायची तर बोटं ओढायची नसतात. घरचे नेमकं तेच करतात, आणि बोटं जितकी ओढावीत तितकी ती आवळतात. आधी मनगट हलकेच खाली वाकवू द्यायचं, म्हणजे बोटांचा ताण उतरतो. मग अंगठा टोकाला न धरता बुडाशी, तळव्याच्या गादीपाशी धरून सावकाश बाहेर घ्यायचा. तळव्याला आपली बोटं लागू द्यायची नाहीत. बाकीची बोटं पाठोपाठ येतात. उघडल्यावर मनगट हळूहळू वर आणायचं. यात घाई केली की पुन्हा पहिल्यापासून. माझ्या हाताला हे जमायला दोन महिने गेले.

लकव्याच्या प्रत्येक पेशंटच्या घरी एक पिवळा हसरा स्पंजचा बॉल असतो. कुणीतरी आणून दिलेला असतोच. ज्याची मूठ आधीच आवळलेली आहे, त्याला दिवसभर तो दाबायला लावून आपण काय मिळवतो? मी तर तो प्रेमानं काढून घेते आणि नातवाला देते.

मोजमापांबद्दल. जामर डायनॅमोमीटर या यंत्रावर पकड मोजताना खांदा अंगालगत, कोपर ९० अंशात, सहसा यंत्राची मूठ दुसऱ्या खाचेवर, तीन वेळा घेऊन सरासरी. कोपर सरळ ठेवून घेतलेला आकडा आणि वाकवून घेतलेला आकडा एकमेकांशी ताडायचा नाही. एआरएटी या हाताच्या चाचणीमध्ये १९ कृती आणि ५७ गुण, बॉक्स अँड ब्लॉकमध्ये एका मिनिटात किती ठोकळे पलीकडे टाकले ते. अंगठ्यासाठी मला कापांजीची चाचणी आवडते, कारण काहीच साहित्य लागत नाही: अंगठ्याचं टोक करंगळीच्या टोकाला लागलं तर ६, करंगळीखालच्या तळव्यावरच्या रेषेपर्यंत पोचलं तर १०. हे सगळं नोंदवा, नीट नोंदवा. पण आकड्याच्या शेजारी एक ओळ पेशंटच्या शब्दांत लिहा. माझ्या एका जुन्या वहीत असं आहे: "मनगट मोडलेलं, प्लास्टर काढून दोन आठवडे. धार काढता येत नाही." मुठीनं धार काढताना आधी अंगठा-तर्जनी वरून आवळतात, मग मधलं बोट, अनामिका, करंगळी एकापाठोपाठ, आणि मग पूर्ण सोडायचं, म्हणजे सड पुन्हा भरतो. त्या आक्कांचा व्यायामाचा तक्ता तिथंच तयार झाला. रबरी हातमोज्यात पाणी भरून बोटाला बारीक भोक पाडलं, आणि म्हशीआधी त्यावर सराव केला.

एक चूक सांगते, कारण ती तुमच्याकडून होऊ नये. उसाच्या फडात डाव्या हातात ऊस आणि उजव्यात कोयता, त्यामुळे तुटतात ती डावी बोटं. असा एक पोरगा आला होता, बोटाच्या बुडाशी दोन्ही कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोऱ्या) तुटलेल्या, शिवलेल्या. हा भाग अवघड, कारण एकाच अरुंद नळीतून दोन कंडरा सरकतात. जोड नाजूक असतो आणि हलवलंच नाही तर चिकटतो. स्प्लिंटमध्ये दुसऱ्या हातानं बोट वाकवायचं, आपल्या जोरानं नाही, हे मला ठाऊक होतं. पण त्या दिवशी गर्दी होती आणि मी म्हणाले, "बोटं हळूहळू हलवत राहा." तिसऱ्या आठवड्यात त्यानं स्प्लिंट काढून मोटारसायकलचा क्लच "हळूहळू" आवळून बघितला. जोड तुटला. पुन्हा ऑपरेशन. आता मी पेशंटला करून दाखवते, त्याच्याकडून करून घेते, आणि काय करायचं नाही ते त्याच्याच तोंडून वदवून घेते. क्लच, कळशी, म्हशीचं दावं, सगळं नाव घेऊन.

स्प्लिंटचा प्लास्टिकचा पत्रा साधारण ६५–७० अंशांच्या पाण्यात मऊ होतो आणि महाग असतो. कापण्याआधी कागदाचा नमुना काढा. मे महिन्यात एका मावशींनी धुतलेला स्प्लिंट घराच्या पत्र्यावर वाळत घातला, संध्याकाळी त्याचा पापड झालेला. तेव्हापासून "उन्हात ठेवू नका" हे मी स्प्लिंटवरच मार्करनं लिहिते.

आपल्या भागात काम मिळतं का? माझ्या पाहण्यात मुलांच्या सेंटरमध्ये लवकर मिळतं, हाताच्या कामासाठी ऑर्थो आणि प्लास्टिक सर्जनच्या दारात आपणच जाऊन उभं राहावं लागतं. मिरजेला वानलेस रुग्णालय १८९४ मध्ये सुरू झालं, कुष्ठरोग्यांचं रिचर्डसन रुग्णालय आहे. संधी मिळाली तर कुष्ठरोगानं वाकडी झालेली बोटं असलेला हात एकदा नीट बघा. संवेदना गेलेला माणूस वस्तू गरजेपेक्षा जास्त आवळून धरतो, कारण किती धरलंय हे त्याला कळतच नाही. खुरप्याच्या दांड्याला कापड गुंडाळणं हा तिथं उपचाराचाच भाग आहे.

तात्यांचं पुढे काय झालं ते राहिलं. ऑक्टोबरच्या फळछाटणीला मी त्यांच्या घरी गेले होते. मुलाची छाटणीची कात्री हातात घेऊन बघितली. तिला स्प्रिंग असते, दाबून सोडली की ती स्वतःच उघडते. सगळ्यात नरम स्प्रिंगची जुनी कात्री शोधली, तात्यांना खुर्चीवर बसवलं, कोपर मांडीवरच्या उशीवर, समोर छाटलेल्या काड्यांचा भारा. ते दाबायचे, काडी तुटायची, आणि स्प्रिंग बोटांना मागं ढकलायची. पहिल्या काही काड्यांना मलाच अंगठ्याच्या बुडाशी हात लावावा लागला. मग चार-पाच काड्या सलग झाल्या, मग पुन्हा हात आवळला, मग थोडं थांबून पुन्हा. एका सकाळी दीड बादली काड्या.

नंतर चहा आला. तात्यांनी पेला डाव्या हातानंच घेतला.