बागकाम आणि लहान पोर एकत्र? या चुका टाळा

जूनचा पहिला पाऊस पडला की आमच्या सोसायटीच्या गच्चीवर नवे बागकामवाले उगवतात. रविवारची सकाळ, कोकोपीटच्या विटा, नर्सरीतून आणलेली डझनभर रोपं आणि कडेवर दोन वर्षांचं पोर. तासाभराने पोर भोकाड पसरतं, आई वैतागते आणि बाबा खिशात मोबाइल चाचपतो. मग कोणीतरी विचारतंच, "काकू, तुम्ही नातवाला कसं हो गुंतवून ठेवता?"

गुंतवून ठेवायला जाता, तिथेच घोडं अडतं. दीड ते तीन वर्षांच्या पोराला करमणूक नको असते, तुम्ही करताय तेच त्याला करायचं असतं. लाल-पिवळ्या प्लास्टिकच्या खुरपं-फावड्याचा संच आणून दिलात तर ते पाच मिनिटांत भिरकावतं, कारण त्याने माती उकरली जात नाही आणि बाबाच्या हातातलं खुरपं वेगळं आहे हे त्याला चांगलं कळतं. माझ्याकडे एक पसरट ग्रो बॅग, म्हणजे रोपं लावायची पिशवी, नातवाच्या मालकीची आहे. तिच्यात रोप लावायचं नाही, फक्त ओलसर माती. सोबत जुनी स्टीलची पळी, दोन वाट्या आणि एक चेपलेला डबा. उकरा, भरा, ओता, परत उकरा. एवढ्यात माझ्या दोन कुंड्या भरून होतात. त्याहून जास्त काम होईल अशी आशा मी धरत नाही, तुम्हीही धरू नका. "आज सगळ्या कुंड्या बदलून टाकू" म्हणत पोराला घेऊन वर येणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.

पोरासमोर तण उपटणं

ही माझी सगळ्यात नावडती चूक, आणि दर पावसाळ्यात कोणीतरी ती करतंच. आमच्याच इमारतीतल्या एका तरुणाने घरी बी टाकून टोमॅटोची रोपं केली होती. रोज झारीने पाणी, उन्हातून सावलीत, सावलीतून उन्हात, सगळे लाड करून वीतभर वाढवली आणि वाफ्यात लावली. पुढच्या रविवारी लेकीला शेजारी बसवून तण काढायला घेतलं. तिने एक काडी उपटून दिली की हा टाळ्या वाजवून "शाब्बास!" म्हणायचा. मग कारल्याचा वेल मांडवाला बांधायला पलीकडे गेला. परत येऊन बघतो तर वाफा साफ! टोमॅटोची सगळी रोपं त्याच्या चपलेशेजारी मुळांसकट ओळीने मांडलेली, आणि लेक शाब्बासकीची वाट बघत उभी. हा तिच्यावर असा खेकसला की पुढे बरेच दिवस ती गच्चीचा जिना चढायला तयार नव्हती.

आता यात पोरीचं काय चुकलं? दोन वर्षांच्या पोराला तण आणि रोप दोन्ही हिरवंच. तण ते झोपल्यावर काढा. त्याच्यासमोर अशी कामं घ्या ज्यात नुकसान होऊच शकत नाही: वाळकी पानं गोळा करून कंपोस्टच्या पिंपात टाकणं, चवळीच्या शेंगा तोडणं, मगने कुंडीत पाणी घालणं. पाणी एकाच कुंडीत दहा वेळा पडेल, म्हणून ती कुंडी अळूची किंवा कर्दळीची ठेवा. त्यांना चालतं.

आणि उपटलेली रोपं लगेच फेकू नका. मुळं थोडा वेळ पाण्यात ठेवा, खालची पानं काढून खोड निम्मं मातीत जाईल इतकं खोल लावा आणि दोन-तीन दिवस सावली करा. टोमॅटोला खोडातूनही मुळं फुटतात, बरीचशी रोपं तगतात. वांगं, मिरची इतकी सोशीक नाहीत.

भरलेली बादली

"बादलीत पाणी दिलंय, शांत खेळतोय" हे वाक्य ऐकलं की मी हातातलं काम टाकून उठते. या वयात डोकं अंगाच्या मानाने जड असतं. पोर वाकून बघताना तोल गेला तर सरळ डोक्यावर आत जातं, आणि त्याला स्वतःला वर काढता येत नाही. ओरडत नाही, हातपाय आपटल्याचा आवाजही फारसा होत नाही. त्यासाठी बादली काठोकाठ भरलेली असावी लागत नाही, काही इंच पाणी पुरतं. मी परातीत दोन बोटं पाणी देते, तेही हाताच्या अंतरावर. काम झालं की बादल्या उपड्या आणि पिंपाचं झाकण दोरीने बांधलेलं. डासही होत नाहीत.

पाइपचंही तेच. उन्हात पडलेल्या पाइपमधलं पहिलं पाणी भाजेल इतकं तापलेलं असतं. आधी स्वतःच्या हातावर सोडा, मग पोराच्या हाती द्या.

गच्चीवाल्यांनी आणखी एक बघावं. कठड्याला लागून विटा, उपड्या कुंड्या, मातीची पोती रचून ठेवलेली असतात. आपल्याला तो पसारा दिसतो, पोराला पायऱ्या दिसतात. आजच्या आज हलवा.

तोंडात काय जातंय

चिमूटभर माती गेली तर आकाशपाताळ एक करू नका. कच्चं शेणखत आणि मांजरं घाण करतात ती कुंडी मात्र लांब ठेवा. जंताची गोळी एक वर्षापासून अंगणवाडीत मिळते, १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टच्या आसपास. आणि १६ ते २४ महिन्यांतला त्रिगुणी लसीचा बूस्टर (धनुर्वाताची लस त्यातच असते) राहिला असेल तर बागेच्या आधी दवाखाना.

खरी भीती दुसरीकडे आहे. फवारणीचं औषध थंड पेयाच्या बाटलीत भरून ठेवणाऱ्यांना काय म्हणावं? वर "सेंद्रियच आहे हो, नीम ऑइल आहे." नीम ऑइल पोटात गेल्याने लहान मुलांना झटके आलेले आहेत. औषध मूळ बाटलीत आणि बाटली कुलपात. कण्हेर, बिट्टी, धोतरा, गुंज, डिफेनबेकिया यातलं काही गच्चीवर असेल तर पोर मोठं होईपर्यंत देऊन टाका. कुंडीत शोभेला घातलेले पांढरे गोटे आणि पाण्यात फुगणारे रंगीत मणी तर आधी काढा. गोटे घशात अडकतात, मणी पोटात जाऊन फुगतात.

गिळलंच काही तर मिठाचं पाणी पाजून ओकारी काढायला जाऊ नका. तोंड पुसा, पानाचा तुकडा किंवा बाटली सोबत घ्या आणि दवाखाना गाठा. दिल्लीच्या एम्समधल्या विष माहिती केंद्राचा नंबर १८०० ११६ ११७. फोनमध्ये आत्ताच घालून ठेवा.

किरकोळ, पण रोजच्या

पोराच्या हाताने पहिलं बी कोथिंबिरीचं टाकू नका. उगवायला आठ-दहा दिवस लागतात, तोवर पोर विसरतं आणि आईबाप माती उकरून बघतात. मेथी किंवा मूग टाका, तीन-चार दिवसांत कोंब दिसतो.

पावसाळ्यात शेवग्याच्या खोडावर केसाळ सुरवंटांचे पुंजके असतात. पोराला तिकडे फिरकू देऊ नका, अंगावर गांधी उठतात.

भुकेल्या किंवा झोपेला आलेल्या पोराला बागेत नेऊ नका. कात्री, फवारणी आणि मोठ्या कुंड्यांची हलवाहलव ते घरात झोपलेलं असताना, घरी दुसरं माणूस असेल तेव्हाच.

राहिला मोबाइल. देणारे देतातच, मी सांगून थांबणार नाहीत. पण मग त्याला उन्हात, मुंग्यांत कशाला बसवता? घरात आजोबांपाशी ठेवा आणि तुम्ही एकटे वर येऊन तण काढा.