कॅरीलाही तीच, रेंजलाही तीच: एकच हँडगन घ्यायची तर कशी निवडायची

हा लेख अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या लोकांसाठी आहे, आणि त्यातही ज्यांना कपाट भरायचं नाहीये, एकच हँडगन घ्यायचीय, तीच कमरेला लावायचीय (इथे याला कॅरी म्हणतात) आणि तीच शनिवारी रेंजवर, म्हणजे नेमबाजीच्या सरावाच्या जागी, चालवायचीय त्यांच्यासाठी. गन घ्यावी की घेऊ नये हा वाद मी इथे काढत नाही, तो आधी घरी बसून मिटवा आणि मगच पुढचं वाचा. माझं मत सुरुवातीलाच सांगून टाकतो: कॅलिबर म्हणजे गोळीचं माप ९ एमएम, साइझ कॉम्पॅक्ट म्हणजे ग्लॉक १९ या पिस्तुलाच्या आसपासची, आणि कॅलिबरवर भांडण्यात लोक जो वेळ घालवतात तो सगळा ती गन आपल्या हातात बसते का हे बघण्यात घाला.

पायरी १: आधी कागद बघा, मग दुकान

आपल्याकडे हा मुद्दा सगळ्यात जास्त लोकांना माहीत नसतो. एच-वन, एच-फोर, एल-वन, एफ-वन असल्या नॉन-इमिग्रंट व्हिसावर असाल तर फेडरल कायद्याने बंदूक किंवा गोळ्या जवळ बाळगायलाच मनाई आहे. वैध हंटिंग लायसन्ससारखे मोजके अपवाद आहेत, पण कुणीतरी सांगितलं म्हणून त्याच्या भरवशावर जाऊ नका, वकिलाला विचारा. मित्राची गन रेंजवर नुसती हातात घेणं सुद्धा यात येऊ शकतं. एक जण सिटिझन आणि दुसरा एच-वनवर असं जोडपं असेल तर घरातल्या तिजोरीची किल्ली कुणाकडे इथपासून प्रश्न सुरू होतात.

ग्रीन कार्डवाल्यांना फेडरल कायद्याने घेता येते. डीलरकडे हँडगनसाठी वय २१ पूर्ण लागतं, ४४७३ नंबरचा फॉर्म भरायचा, बॅकग्राउंड चेक होतो. फॉर्म घाईत भरू नका, खोटं उत्तर हा स्वतंत्र गुन्हा आहे. आणि ग्रीन कार्डवर असताना बंदुकीच्या गुन्ह्यात दोषी ठरलात तर देशातून काढून टाकू शकतात, तेव्हा "चालतंय की" हा आपला नेहमीचा स्वभाव इथे बाजूला ठेवायचा.

मग राज्य. टेक्ससमध्ये १ सप्टेंबर २०२१ पासून २१ वर्षांवरच्या पात्र माणसाला लायसन्सशिवाय हँडगन बाळगता येते, तरी लायसन्स काढाच, दुसऱ्या अनेक राज्यांत तेच कामाला येतं. न्यू जर्सीत, म्हणजे एडिसनवाल्यांनो लक्ष द्या, प्रत्येक हँडगनच्या खरेदीला आधी परमिट, मॅगझिन (मुठीत बसणारा गोळ्यांचा कप्पा) १० गोळ्यांचंच, कॅरीचं परमिट पूर्ण वेगळं, आणि हॉलो पॉइंट म्हणजे टोकाला पोकळ, लागल्यावर फुलणाऱ्या गोळ्या घेऊन हिंडण्यावर बंदी. कॅलिफोर्नियात डीलर नवीन विकतो ती हँडगन राज्याच्या यादीत असावी लागते, मॅगझिन तिथेही १० चंच. त्यामुळे कुणी १५ गोळ्यांची म्हणून कौतुक करत असेल तर तुमच्या राज्यात तिचा अर्थ काय होतो ते आधी बघा.

पायरी २: तुमचा आठवडा लिहून काढा

सोमवार ते रविवार कुठे कुठे जाता ते खरंच कागदावर लिहा. ऑफिसची पॉलिसी काय आहे, पोराला शाळेतून घ्यायला कोण जातं, जिममध्ये कपडे कुठे बदलता. आपल्या मंडळाचा गणपती, दिवाळी, मराठी शाळा, हे सगळं बहुतेक ठिकाणी हायस्कूलच्या ऑडिटोरियममध्ये किंवा वर्गांत चालतं, आणि शाळेत गन नेणं हा बहुतेक राज्यांत गंभीर गुन्हा आहे, शाळेच्या हजार फुटांच्या परिघाचा फेडरल कायदा तर आणखी वेगळा. म्हणजे गाडीत बोल्टने बसवलेला छोटा सेफ हवाच. बरेच जण ही यादी केल्यावर म्हणतात की अरे, मी आठवड्यातून दोनदाच कॅरी करू शकेन. ठीक आहे, मग थोडी मोठी गन परवडते, कारण तुमचा जास्त वेळ रेंजवर जाणार आहे.

पायरी ३: कॅलिबर, पाच मिनिटांत

९ एमएमची गोळी जॉर्ज लुगरने १९०२ च्या सुमाराला बनवली. .४५ एसीपी ही जॉन ब्राउनिंगची, १९११ मध्ये अमेरिकन सैन्याने घेतलेल्या पिस्तुलाबरोबर ती गाजली. "मोठी गोळी म्हणजे मोठा मार" हा समज तेव्हापासून इथल्या काउंटरमागच्या काकांच्या डोक्यात घट्ट बसलाय. मग ११ एप्रिल १९८६ ला मायामीत एफबीआयची दोन दरोडेखोरांशी चकमक झाली, दोन एजंट मेले, पाच जखमी झाले, आणि दोष बऱ्याच अंशी ९ एमएमच्या एका गोळीवर टाकला गेला कारण ती एका दरोडेखोराच्या हृदयापर्यंत पोचायच्या आधी थांबली. त्यातून एफबीआय आधी १० एमएमकडे गेली, मग १९९० मध्ये आलेल्या .४० कॅलिबरकडे, आणि तिच्यामागे देशभरातली पोलीस खाती. पण तोवर हॉलो पॉइंट गोळ्या सुधारत गेल्या, आणि २०१४ मध्ये एफबीआयच्याच ट्रेनिंग विभागाने लिहून दिलं की चांगल्या आधुनिक गोळ्या घेतल्या तर जिलेटिनच्या ठोकळ्यात गोळी मारून करतात त्या चाचणीत ९ एमएम, .४० आणि .४५ या तिन्ही कॅलिबरमध्ये फारसा फरक उरत नाही, उलट ९ एमएमने बहुतेक एजंट जास्त वेगात आणि जास्त अचूक नेम धरतात. त्यांचा निकष म्हणजे गोळी जिलेटिनमध्ये १२ ते १८ इंच शिरायला हवी, आणि हे आजच्या चांगल्या ९ एमएम हॉलो पॉइंट आरामात करतात.

आणि पैशाचं बघा, खरी गोष्ट तिथेच आहे. साध्या, रेंजवर वापरायच्या फुल मेटल जॅकेट गोळ्या सध्या ९ एमएममध्ये पंचवीस-तीस सेंटला एक पडतात, .४५ च्या जवळजवळ दुप्पट. महिन्याला दोनशे गोळ्या मारणारा माणूस .४५ घेऊन शंभरावर येतो, आणि शंभर गोळ्या कमी मारलेला नेम कुठल्याही कॅलिबरने भरून निघत नाही.

.३८० बद्दल एक सांगतो, कारण दुकानात बायकांना हटकून तीच दाखवतात. गोळी कमजोर आहे म्हणून झटका कमी असेल असं वाटतं, पण खिशात मावणाऱ्या दहा-बारा औंसांच्या पिस्तुलात तो झटका सगळा तळव्यात येतो, ९ एमएमच्या मध्यम गनपेक्षा जास्त बोचतो. पाच गोळ्यांचं हलकं छोटं .३८ स्पेशल रिव्हॉल्व्हर तर त्याहून वाईट, ट्रिगर लांब आणि जड, नळी दोन इंचाच्या आत-बाहेर, तरी "वहिनींना हेच सोपं पडेल" म्हणून देतात. रिव्हॉल्व्हर मुरलेल्या माणसाचं हत्यार आहे, पहिलं आणि एकच म्हणून घेऊ नका. .२२ स्वस्त आणि गोड, पण तिच्यात न फुटणारी गोळी जास्त निघते, त्यामुळे संरक्षणाला तिच्यावर विसंबू नये.

पायरी ४: साइझ

इथे खरी ओढाताण आहे. कमरेला लावायला छोटी सोयीची, मारायला मोठी सोयीची. सिग पी३६५ ही २०१८ मध्ये आली तेव्हा जेमतेम एक इंच रुंदीत १० गोळ्या बसवल्या म्हणून लोक वेडे झाले, आणि रोज कॅरी करणाऱ्याला ती उत्तमच आहे, पण तिच्यावर दीडशे गोळ्या सलग मारून बघा, अंगठ्याच्या बेचक्यात जाणवायला लागतं आणि माणूस नकळत रेंजवर जायचं टाळतो. उलट पूर्ण साइझची, ग्लॉक १७ वगैरे, रेंजवर सुंदर, पण गाडीत बसलं की बरगडीत रुतते आणि महिन्याभरात ती घरीच राहायला लागते.

म्हणून मधली. ग्लॉक १९ ही १९८८ पासून आहे, चार इंचाची नळी, १५ गोळ्या, भरल्यावर साधारण साडेआठशे ग्रॅम. त्याच मापात स्मिथ अँड वेसनची एमअँडपी २.० कॉम्पॅक्ट, सीझेड पी-१० सी, वॉल्थर पीडीपी कॉम्पॅक्ट. बारीक बांध्याच्या माणसाला पी३६५ एक्सएल किंवा ग्लॉक ४८ पण चालेल, त्या पातळ आहेत. एक गोष्ट दुकानात कुणी सांगत नाही: शर्टातून उठून दिसते ती मूठ, नळी नव्हे. नळी पँटच्या आत जाते. त्यामुळे लपवायची चिंता असेल तर मुठीची लांबी बघा, नळी अर्धा इंच जास्त असली तरी काही बिघडत नाही.

पायरी ५: भाड्याने घेऊन मारा

यूट्यूबवर बघून घेऊ नका, प्लीज. ज्या रेंजवर गन भाड्याने मिळतात तिथे जा, दहा-वीस डॉलर आणि लेनचे पैसे लागतात. कुणाला तरी बरोबर न्या, एकट्याने पहिल्यांदा आलेल्या माणसाला कित्येक रेंज भाड्याने देतच नाहीत, कारण तिथे येऊन लोकांनी जीव दिल्याचे प्रकार झालेत. बंद गळ्याचा टीशर्ट घाला, गोळीची रिकामी पुंगळी तापलेली बाहेर पडते आणि कॉलरमधून आत गेली की माणूस गन हातात धरूनच नाचायला लागतो, हे दिसायला गमतीचं आहे पण नळी कुठे फिरतेय ते बघितलं की गंमत जाते. चार नियम आधी पाठ हवेत: प्रत्येक गन भरलेलीच समजायची, जे उद्ध्वस्त करायचं नाही त्याच्याकडे नळी न्यायची नाही, नेम धरेपर्यंत बोट ट्रिगरबाहेर, आणि टार्गेट काय आहे अन् त्याच्या मागे काय आहे हे माहीत हवं. एखादा बेसिक क्लास केल्याशिवाय हे अंगात मुरत नाही.

हातात घेतल्यावर काय बघायचं? मूठ धरल्यावर नळी मनगट ते कोपर या रेषेत येते का, की धरण्यासाठी हात तिरका करावा लागतो. बोटाचं पहिलं पेर ट्रिगरवर सहज पोचतं का. आपल्या बऱ्याच बायकांचे आणि काही पुरुषांचेही तळवे लहान असतात, त्यांनी मुठीची पाठ बदलता येते असं मॉडेल बघावं, एमअँडपीबरोबर चार वेगवेगळ्या मापांच्या पाठी येतात. स्लाइड (गनचा वरचा सरकणारा भाग) मागे ओढता येत नाही अशी तक्रार असेल तर आधी पद्धत बदला: गन छातीजवळ आणा, नळी पुढेच ठेवा, डाव्या हाताने स्लाइड वरून घट्ट पकडून उजव्या हाताने मूठ पुढे ढकला. तरी जमत नसेल तर शील्ड ईझी नावाचं मॉडेल यासाठीच हलक्या स्प्रिंगचं बनवलंय.

मग पाच यार्डांवर पोस्टकार्डाएवढा कागद लावा, दहा गोळ्या सावकाश मारा. नंतर दुसऱ्या गनने तेच. कागदच सांगतो. सगळ्या गोळ्या डावीकडे खाली जात असतील आणि तुम्ही उजवे असाल तर दोष बहुतेक वेळा गनचा नसतो, तुम्ही आवाजाच्या भीतीने आधीच हात दाबताय. म्हणून पहिल्या मॅगझिनवरून निवाडा करू नका, तिसऱ्या-चौथ्यावरून करा.

पायरी ६: बजेट

गनला पाचशे-सहाशे डॉलर धरा, आणि तेवढेच बाकीच्याला धरा, इथेच लोक हात आखडतात. कायडेक्स या कडक प्लास्टिकचं होल्स्टर (गनचं म्यान) जे ट्रिगर पूर्ण झाकतं, ताठ बेल्ट, दोन जास्तीची मॅगझिन, कानांचं आणि डोळ्यांचं संरक्षण, घरचा सेफ, क्लासची फी, आणि हजारएक गोळ्या. वीस डॉलरचं मऊ कापडी होल्स्टर घेऊ नका, गन परत आत घालताना त्याची दुमडलेली कड ट्रिगरमध्ये अडकू शकते, आणि यातल्या बहुतेक गनना हाताने लावायची सेफ्टी नसते. आत घालताना घाई नाही, शर्ट नीट वर धरून, बघून.

पायरी ७: घेतल्यानंतर

कमरेला लावायच्या आधी दोनशे साध्या गोळ्या आणि तुम्ही जी हॉलो पॉइंट बाळगणार त्यातल्या पन्नास, न अडकता जायला हव्यात. हॉलो पॉइंट महाग आहेत, एक-सव्वा डॉलरला एक, तरी मारा. अडकली तर आधी मनगट घट्ट ठेवून परत बघा, सैल मनगटानेही पुंगळी अडकते. न्यू जर्सीवाल्यांनी टोकाला पॉलिमर भरलेल्या गोळ्यांबद्दल स्टेट पोलिसांचा ताजा नियम वाचून मगच ठरवावं.

घरी ड्राय फायर, म्हणजे गोळीशिवाय ट्रिगर दाबायचा सराव करा, रोज पाच-दहा मिनिटं, पण गोळ्या दुसऱ्या खोलीत ठेवून आणि चेंबर (नळीच्या मागची गोळी बसायची जागा) दोनदा तपासून. रेंजवरून आल्यावर पोरांना उचलून घ्यायच्या आधी हात साबणाने धुवा आणि शर्ट बदला, शिशाची धूळ अंगावर असते. कमरेला नसेल तेव्हा गन सेफमध्येच, उशीखाली नाही, देव्हाऱ्याच्या ड्रॉवरमध्ये नाही.

आणि रेंजची बॅग फक्त रेंजसाठी ठेवा. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या विमानतळांवर चेकिंगमध्ये ६,७०० च्या वर गन सापडल्या, बरेच जण "विसरलो" म्हणतात. आपलं तर पुढचं आहे: तीच बॅग घेऊन भारतात गेलात आणि आतल्या कप्प्यात एक गोळी राहिली असेल तर मुंबईच्या विमानतळावर १९५९ च्या आर्म्स अ‍ॅक्टखाली गुन्हा दाखल होऊ शकतो, गन नसली तरी, आणि परतीचं तिकीट तसंच राहतं. जी बॅग एकदा रेंजवर गेली ती इंडियाच्या ट्रिपला न्यायची नाही, मग ती कितीही चांगली असो.