दर वही: बांधकामाच्या लाइनीत नव्यानं येणाऱ्यांसाठी

२०१४ साली बेळगावातून सिव्हिलचा डिप्लोमा घेऊन बाहेर पडलो तेव्हा मला बीमचं डिझाइन येत होतं, पण वाळूचा ब्रास मोजता येत नव्हता. वडगावातल्या पहिल्या साईटवर आठवड्याच्या आतच टिपर आला. ड्रायव्हर म्हणाला दोन ब्रास, आणि मी पावतीवर सही करायला पेन काढलं. आमचे मेस्त्री मामा, नंदगडकडचे, तोवर हौद्यावर चढलेसुद्धा होते. हातात सळईचा तुकडा. चार ठिकाणी तो वाळूत खुपसला, अंगठ्यानं खूण धरली, टेपला लावली आणि वरूनच ओरडले, "काय बघूलास रे, लिहून घे!" शंभर घनफुटांचा एक ब्रास. हिशेब केला तर पावणेदोन ब्राससुद्धा भरेनात. वर वाळू ओलसर. ओलसर वाळू कोरडीपेक्षा वीस-पंचवीस टक्के जास्त जागा खाते हे मी परीक्षेत लिहिलं होतं. त्या फुगलेल्या जागेचेही पैसे आपणच मोजतो, हे त्या दिवशी कळलं.

संध्याकाळी शहापुरात जाऊन शंभर पानी वही घेतली. तारीख, माल, दर, कुठून आला, रोख की उधार, एवढेच रकाने. आज त्या वह्या सात झाल्यात. मी आता अंदाजपत्रकं आणि बिलं करून देतो, लहान-मोठे दहा-बारा कंत्राटदार गिऱ्हाईक आहेत. खानापूर, हिंडलगा, येळ्ळूर, निपाणीकडची पोरं निकाल लागला की येतात आणि एकच विचारतात, "दादा, सध्या लाइन कशी आहे?" दर वेळी तेच सांगून घसा बसतो, म्हणून लिहून काढतोय.

देशात शेतीखालोखाल सगळ्यात जास्त माणसं बांधकामावर जगतात. त्यामुळे या धंद्याचे आकडे सारखे बातम्यांत असतात आणि तुम्ही ते वाचायलाच हवेत. पण वाचायचे कसे, ते बघा. २०२० च्या एप्रिल ते जून तिमाहीत टाळेबंदीमुळे देशातलं बांधकाम जवळजवळ निम्म्यावर आलं. पुढच्या वर्षी त्याच तिमाहीचा आकडा आला ६८.३ टक्के वाढीचा. माझ्याकडे तेव्हा शिकायला असलेल्या मुलानं मोबाईल नाचवत दाखवला, "दादा, तेजी!" त्याला पाटीवर मांडायला लावलं. शंभराचे पन्नास झाले. पन्नासात ६८ टक्के मिळवले की चौऱ्याऐंशी होतात. म्हणजे एवढी उडी मारूनही गाडी दोन वर्षांपूर्वीच्या खालीच. टक्केवारी दिसली की पहिला प्रश्न हा विचारायचा, की ही वाढ कशावरची?

दुसरा प्रश्न आपल्या भागाचा. २०१८ च्या सप्टेंबरात आयएल अँड एफएस ही मोठी वित्त कंपनी कर्जं फेडू शकली नाही आणि बिल्डरांना पैसा देणाऱ्या कंपन्यांनी हात आखडते घेतले. २०१९ मध्ये पुण्या-मुंबईच्या साईटी रखडल्याच्या बातम्या रोज यायच्या. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आमच्याकडे महापूर आला. कृष्णा, दूधगंगा, वेदगंगेच्या काठची मातीची घरं बसली. राज्य सरकारनं पूर्ण पडलेल्या घराला पाच लाख रुपये जाहीर केले, तेही टप्प्याटप्प्यानं मिळणार होते. देशात मंदी, आणि चिकोडी-निपाणी भागात त्या दिवाळीनंतर गवंडी शोधून मिळेना. माझ्या वहीत गवंड्याची हजेरी, म्हणजे दिवसाची मजुरी, तेव्हा दोन महिन्यांत दोनदा खोडून वाढवून लिहिलेली आहे.

आता माझी स्वतःची चूक सांगतो. २०२० च्या ऑक्टोबरात एका सरकारी इमारतीचं टेंडर होतं. मी ज्या कंत्राटदाराकडे होतो त्याचे दर मीच काढले. सळई किलोला ४६ रुपये धरली, कारण त्या आठवड्यात तोच दर होता. सळई एकूण २२ टन. काम मिळालं, पेढे वाटले. वर्क ऑर्डर हातात पडायला फेब्रुवारी उजाडला आणि सळई घ्यायला गेलो तेव्हा दर ६२. किलोमागे १६ रुपये, म्हणजे टनाला १६ हजार, बावीस टनांना तीन लाख बावन्न हजार. मालकाचा सगळा नफा सळईतच गाडला गेला. भाववाढ देण्याचं कलम करारात आहे का, हे मी पाहिलंच नव्हतं. कलम नव्हतंच. मालक मला बोलला नाही. नुसतं अंदाजपत्रकाचं पान समोर ठेवून चहा पीत बसला, ते बोलण्यापेक्षा वाईट.

त्यानंतर मी पोलादाच्या बातम्या क्रिकेटच्या स्कोअरसारख्या बघायला लागलो. २०२२ च्या फेब्रुवारीत युक्रेनमध्ये युद्ध पेटलं, पोलाद बनवायला लागणारा कोकिंग कोळसा महागला आणि एप्रिलात आमच्याकडे सळई ७५ च्या पुढे गेली. खानापूर तालुक्यातल्या एका गिऱ्हाइकानं पहिल्या मजल्याचा स्लॅब पुढे ढकलला. मे महिन्यात केंद्रानं पोलादाच्या निर्यातीवर १५ टक्के शुल्क लावलं, दर घसरले. नोव्हेंबरात ते शुल्क काढलं. ज्यानं दोन-तीन महिने कळ काढली त्याचा स्लॅब स्वस्तात पडला. पण हे आधी कुणालाच माहीत नसतं, आणि मलाही नव्हतं. मी एवढंच शिकलो की कोटेशनखाली 'हे दर पंधरा दिवसांपुरते' ही ओळ घालायची आणि टेंडर भरण्याआधी भाववाढीचं कलम शोधायचं. ते नसेल तर सळई आणि सिमेंटचा दर थोडा वाढवून धरायचा. काम गेलं तर जाऊ दे.

व्याजदराचं गणित मात्र पोरांना कॉलेजात कुणी शिकवत नाही आणि घरांचा धंदा त्यावरच हलतो. रिझर्व्ह बँक इतर बँकांना ज्या दरानं उसने पैसे देते तो रेपो दर मे २०२० मध्ये ४ टक्के होता, फेब्रुवारी २०२३ मध्ये ६.५ झाला. अडीच टक्क्यांत काय असतं असं वाटेल. पंचवीस लाखांचं कर्ज, वीस वर्षं, पावणेसात टक्के: हप्ता एकोणीस हजार. तेच सव्वानऊ टक्क्यांनी: हप्ता बावीस हजार नऊशे. उद्यमबागेतल्या फाउंड्रीत काम करणाऱ्या माणसाला महिन्याचे हे चार हजार म्हणजे मुलाच्या शाळेची फी. तो काय करतो? घर बांधायचं थांबवत नाही, वरचा मजला रद्द करतो. सळया वर तशाच ठेवून गच्चीवर पत्रा मारतो. अनगोळ, मजगावकडे फिरताना अशा गंजलेल्या सळया मोजा. २०२५ मध्ये रेपो दर पुन्हा खाली आला आणि माझ्याकडे वरच्या मजल्यांची अंदाजपत्रकं परत यायला लागली.

जीएसटीचा गोंधळ वेगळाच. २२ सप्टेंबर २०२५ पासून सिमेंटवरचा कर २८ वरून १८ टक्क्यांवर आला. दुसऱ्या दिवशी एक काका आले, "दहा टक्के कमी झाले म्हणे, माझं बिल दहा टक्के कमी कर." त्यांना कागद काढून दाखवलं. मूळ दर ३०० धरला तर पोतं ३८४ ला पडत होतं, आता ३५४ ला. म्हणजे पोत्यामागे तीस रुपये. हजार चौरस फुटांच्या घराला ढोबळ मानानं चारशे पोती लागतात. वाचले बारा हजार. घर वीस लाखांचं. सळईवरचा कर होता तोच, १८ टक्के. काका म्हणाले, "एवढंच होय?" एवढंच. तेही दुकानदारानं पोत्यामागचे तीसच्या तीस रुपये सोडले तर. उलट दिशेचाही एक प्रकार लक्षात ठेवा: सरकारी कामांच्या कंत्राटावरचा जीएसटी जुलै २०२२ मध्ये १२ वरून १८ झाला, तेव्हा जुन्या दरात सापडलेले कंत्राटदार वर्षभर कागद घेऊन फिरत होते.

आपल्या भागातला सिमेंट हा भाग्याचा विषय आहे. बेळगाव जिल्ह्यातच यादवाडला कारखाना आहे, शेजारी बागलकोटला आहेत. त्यामुळे टंचाई सहसा जाणवत नाही. दर मात्र कारखाना जवळ आहे म्हणून कमी राहत नाही. मार्चअखेर सरकारी कामं संपवायची घाई असते तेव्हा चढतो, पावसाळ्यात उतरतो. विटेचं बरोब्बर उलट. खानापूरच्या भट्ट्या पावसात बंद, म्हणून मृग लागायच्या आत ज्यानं वीट उतरवून ताडपत्री टाकली तो शहाणा. वाळूचं सांगायचं तर नदीची वाळू आता कागदावरच जास्त दिसते. २०१२ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर लहान खाणपट्ट्यांनाही पर्यावरण मंजुरी लागायला लागली आणि हळूहळू सगळे एम-सँडवर, म्हणजे दगड फोडून केलेल्या वाळूवर, आले. ती घेताना मुठीत दाबून बघा. हाताला पीठ लागलं तर परत पाठवा.

केंद्राचा पैसा सध्या रस्त्यांत आहे. २०२३-२४ च्या अर्थसंकल्पात भांडवली खर्चाला दहा लाख कोटी ठेवले होते, २०२५-२६ मध्ये ११.२१ लाख कोटी. पुणे-बेंगळुरू महामार्गाचं सहा पदरीकरण आपल्या दारातून चाललंय, आणि नवी मुलं म्हणतात, "मग आपल्याला काम मिळणार!" मिळतं, पण मोठ्या कंपन्या आपली माणसं आणि यंत्रं घेऊन येतात. आपल्या वाट्याला टिपर भाड्यानं, मुरूम, मोजणीला मदतनीस. दुसरा परिणाम मी वहीत बघितला: महामार्गाला खडी लागली की क्रशरवाले घरबांधणीच्या माणसाला उभं करत नाहीत. राज्याच्या कामांत वेगळी डोकेदुखी, बिलं. थकलेल्या बिलांबद्दल कर्नाटकातल्या कंत्राटदार संघटनांनी जाहीरपणे तक्रारी केल्यात. नोकरी धरताना पगार विचारता, त्याच दमात मालकाचं शेवटचं बिल कधी निघालं हेही विचारा.

मजुरांबद्दल पुस्तकात 'कुशल' आणि 'अकुशल' असं असतं. आपल्याकडे पंचांग असतं. रोप लावणीला बिगारी जातो, सुगीला गवंडीसुद्धा जातो, आणि गोव्यात काम जोरात असलं की चोर्ला घाटापलीकडचा दर आपल्याकडच्या हजेरीला वर ओढतो. सेंटरिंगवाले विजापूरकडचे, सळई बांधणारे बिहार-ओडिशाचे. होळीला ते गावी गेले की मार्चअखेरीची घाई कुणाच्या जिवावर करायची? माझ्या वेळापत्रकात आता सणांचा रकाना आहे. आणि उचल देताना लिहून द्या-घ्या. २०१६ च्या नोव्हेंबरात नोटा बंद झाल्या तेव्हा शनिवारच्या पगाराला आमच्याकडे चालणारी नोटच नव्हती. ज्यांची उचल लिहिलेली होती त्यांचाच हिशेब भांडणाशिवाय मिटला.

भाषेचं बोलू. मराठी शाळेतून आलेल्या पोराला टेंडरच्या कन्नड कागदाची धास्ती वाटते. मलाही वाटायची. पहिल्यांदा अक्षरं लावून वाचलं तर 'अंदाजु पत्रिके', 'कामगारी', 'दरपट्टी'. हसू आलं, निम्मे शब्द आपल्याच ओळखीचे. त्यांचा 'गुत्तिगेदार' तो आपला गुत्तेदार. भाषेच्या बाजूनं कोण काय बोलतं ते कट्ट्यावर बोला. कामाला महिन्याभरात वाचण्यापुरतं कन्नड शिका. साईटवर मराठी, सळई बांधणाऱ्या फिटरशी हिंदी, ऑफिसात कन्नड, ड्रॉइंगवर इंग्रजी असा दिवस जातो.

सगळ्यांनाच साईट इंजिनिअर व्हायचं असतं. खरी टंचाई बिलिंगवाल्यांची आहे. जागेवर माप घेणं, मेजरमेंट बुकात नोंद, दर विश्लेषण, एक्सेल, जीएसटी, हे येणारा मुलगा मंदीतही घरी बसत नाही, कारण मंदीत मालकाला अडकलेलं बिल काढणारा माणूस आधी लागतो. बी.कॉम. झालेल्या मुलींनीही हे काम उत्तम करताना मी पाहिलंय.

माझ्याकडे येणाऱ्याला मी आधी वही घ्यायला सांगतो. गेल्या मे महिन्यात एक मुलगा आला, त्याला म्हटलं खानापूरला जाऊन विटेचा दर घेऊन ये. संध्याकाळी परत आला तो वैतागून. एकाच भट्टीवर त्याला तीन दर सांगितले होते: रोख नेली तर एक, महिन्याच्या उधारीवर दुसरा, आणि पाऊस सुरू झाल्यावर येणार असशील तर तिसरा. "यातला खरा कुठला लिहू?" म्हणाला. त्याला तीन ओळी आखून दिल्या.