एकच किल्ली, दहा कुलपे : चोरलेल्या पासवर्डांपासून खाती कशी राखावीत

सोलापुरात चादरी-टॉवेलांचा व्यापार करणाऱ्या अनेक पेढ्यांवर ई-मेल, जीएसटी पोर्टल, ऑनलाइन विक्री आणि कुरियर या साऱ्यांसाठी एकच पासवर्ड असतो, आणि तोही बहुधा दुकानाच्या नावापुढे स्थापनेचे वर्ष जोडून केलेला. हा पासवर्ड कोणी ओळखून काढील, अशी भीती मालकांना वाटते. खरा धोका निराळा आहे. एखाद्या संकेतस्थळावरून ई-मेल आणि पासवर्ड यांच्या जोड्या चोरीस गेल्या, की चोर त्याच जोड्या प्रोग्रॅमच्या साह्याने इतर शेकडो ठिकाणी लावून पाहतात. यालाच ‘क्रेडेन्शियल स्टफिंग’ म्हणतात. नोकरी-व्यवसायातील ओळखींसाठीच्या लिंक्डइन या संकेतस्थळावरून २०१२ मध्ये चोरलेल्या अकरा कोटींहून अधिक जोड्या २०१६ मध्ये विक्रीस आल्या होत्या, यावरून जुनी चोरी किती उशिरा भोवू शकते हे ध्यानात यावे.

सुरुवात बँकेपासून नव्हे, तर ई-मेलपासून करावी, कारण इतर बहुतेक खात्यांचा पासवर्ड बदलण्याचा दुवा तेथेच येतो. संगणक-सुरक्षा तज्ज्ञ ट्रॉय हंट यांनी २०१३ मध्ये सुरू केलेल्या ‘हॅव आय बीन पोन्ड’ या संकेतस्थळावर आपला ई-मेल पत्ता टाकला, तर तो कोणत्या ज्ञात चोरीत सापडला आहे हे विनामूल्य कळते. मात्र यादीत नाव नाही म्हणून निर्धास्त राहू नये. त्यानंतर ई-मेलसाठी इतरत्र कोठेही न वापरलेला, लांबलचक पासवर्ड ठेवावा. जुन्याच पासवर्डच्या शेवटचा आकडा बदलणे म्हणजे बदल नव्हे, कारण असे फेरफारही प्रोग्रॅम करून पाहतात.

प्रत्येक खात्याचा वेगळा पासवर्ड लक्षात ठेवणे अशक्य आहे, म्हणून पासवर्ड मॅनेजर, म्हणजे सारे पासवर्ड एका मुख्य पासवर्डाच्या कुलपात सांभाळणारे ॲप, वापरावे. ज्यांना ते जमत नाही त्यांनी वही करून तिजोरीत ठेवली तरी माझी हरकत नाही, कारण दूरदेशीच्या चोराला ती वही उघडता येत नाही. भिंतीवरचे कॅलेंडर आणि दुकानाचा व्हॉट्सॲप ग्रुप मात्र त्यासाठी नव्हेत.

याच्या जोडीला द्विस्तरीय पडताळणी, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक खूण मागण्याची सोय, सुरू करावी. एसएमएसने येणाऱ्या ओटीपीपेक्षा दर तीस सेकंदांनी अंक बदलणारे ऑथेंटिकेटर ॲप बरे, कारण फसवणुकीने दुसरे सिमकार्ड काढून ओटीपी पळवता येतो. आपल्याकडे आणखी एक घोळ असतो : खात्याला जोडलेला मोबाइल क्रमांक दोन वर्षांपूर्वी नोकरी सोडून गेलेल्या दिवाणजींचा निघतो. तो आधी बदलावा आणि फोन हाताशी नसताना खात्यात शिरण्यासाठी मिळणारे बॅकअप कोड कागदावर छापून ठेवावेत. जेथे पासकीची, म्हणजे पासवर्डऐवजी फोनच्या किंवा संगणकाच्या कुलपाने (बोटाचा ठसा, चेहरा किंवा पिन) लॉगिन करण्याची, सोय आहे तेथे तीच घ्यावी. तिच्यात चोरण्याजोगा पासवर्डच नसतो.

आपण लॉगिन करत नसताना ओटीपी आला, तर पासवर्ड बाहेर फुटला असण्याची शक्यता धरून तो त्याच दिवशी बदलावा. कोणी खात्यात शिरलेच असेल, तर पासवर्ड बदलल्यावर सर्व उपकरणांवरून लॉगआउट करावे आणि ई-मेलच्या सेटिंगमध्ये पत्रे परस्पर दुसऱ्या पत्त्यावर पाठवण्याचा नियम कोणी लावून ठेवला नाही ना, हे पाहावे, कारण तो नियम पासवर्ड बदलल्यानंतरही चालूच राहतो. पैसे गेले असतील, तर हे सारे करत बसण्यापूर्वी १९३० या सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठीच्या सरकारी क्रमांकावर फोन करावा.